ग्राफानामधील विदास्रोत आणि कालांतर

ग्राफाना हे संगणकप्रणालींवर देखरेख ठेवण्यासाठी वापरले जाणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. सर्व्हर, विदागारे, जालसेवा, संवेदक इत्यादींकडून येणारी मोजमापे काळाच्या क्रमाने आलेखांच्या रूपात मांडणे हे त्याचे मुख्य कार्य होय. असे अनेक आलेख एकत्र दाखवणाऱ्या पानाला डॅशबोर्ड, तर त्यावरील प्रत्येक चौकटीला पॅनेल म्हणतात. ग्राफाना ही मोजमापे स्वतःकडे साठवत नाही. ती ज्या बाह्य प्रणालीत साठवलेली असतात, तिला ग्राफानाच्या परिभाषेत विदास्रोत किंवा डेटा सोर्स असे नाव आहे. आलेखावरचा एक बिंदू वास्तवातील किती काळाचे प्रतिनिधित्व करतो, ते ठरवणाऱ्या मापाला कालांतर म्हणजेच इंटरव्हल म्हणतात.

विदास्रोत आणि कालांतर या दोन गोष्टींची मांडणी चुकली तर आलेख रिकामा राहतो किंवा चुकीचा दिसतो. यांतील दुसरी शक्यता अधिक घातक असते. रिकामे पॅनेल लगेच नजरेत येते. पण साडेपाच तास जुनी माहिती ‘आत्ताची’ म्हणून दाखवणारे पॅनेल महिनोन्महिने कुणाच्या लक्षात न येता भिंतीवर लटकत राहू शकते.

== पार्श्वभूमी ==

मोजमापे ठरावीक कालांतराने नोंदवण्याची पद्धत ग्राफानाच्या बरीच आधीची आहे. १९९५ मध्ये आलेले एमआरटीजी हे साधन जाळ्यावरील वाहतूक दर पाच मिनिटांनी मोजून तिचे आलेख काढीत असे. त्याचेच निर्माते टोबियास ओटिकर यांनी १९९९ मध्ये आरआरडीटूल प्रकाशित केले. त्यातही मोजमापाची मूळ पायरी ३०० सेकंदांची होती. आरआरडीटूलमध्ये कालांतर हे विदा साठवतानाच, फाइल तयार करतेवेळी ठरवले जाई. जुनी मोजमापे आपोआप अधिक मोठ्या कालांतरांत एकवटली जात आणि फाइलचा आकार कायम तेवढाच राही. २००८ मध्ये मुक्तस्रोत झालेल्या ग्राफाइट या प्रणालीनेही बऱ्याच अंशी हीच कल्पना पुढे नेली.

स्वीडिश संगणक अभियंता टॉरकेल ओडेगार्ड यांनी किबाना ३ या सॉफ्टवेअरच्या मूळ संहितेवरून ग्राफानाची स्वतंत्र शाखा काढली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रकाशित केली. सुरुवातीला ग्राफाइट, इन्फ्लक्सडीबी आणि ओपनटीएसडीबी यांसारखी केवळ कालमालिका साठवणारी विदागारे हेच तिचे स्रोत होते. सर्वसाधारण संबंधात्मक विदागारांचा आधार नंतर आला. २०१७ मध्ये आवृत्ती ४.३ मध्ये मायएसक्यूएल, त्याच वर्षी आवृत्ती ४.६ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल आणि २०१८ मध्ये आवृत्ती ५.१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर जोडले गेले. २०२१ मध्ये ग्राफानाचा परवाना अपाची २.० वरून एजीपीएल ३ असा बदलण्यात आला.

हा इतिहास येथे उपयोगी आहे, कारण कालमालिका विदागार आणि संबंधात्मक विदागार यांच्या स्वभावातील फरकातूनच पुढील बहुतेक अडचणी उद्भवतात. पहिल्या प्रकारच्या विदागाराला वेळ म्हणजे काय हे जन्मतःच ठाऊक असते. दुसऱ्या प्रकारात वेळ हा इतर स्तंभांसारखाच एक स्तंभ असतो आणि त्याचा अर्थ वापरकर्त्याने सांगावा लागतो.

== विदास्रोताची जोडणी ==

ग्राफानाला स्वतःची नोंदवहीही असते. वापरकर्ते, डॅशबोर्डांची रचना, जोडलेल्या स्रोतांची माहिती या गोष्टी ती एका अंतर्गत विदागारात ठेवते. मूळ मांडणीत हे विदागार एसक्यूलाइट असते आणि मोठ्या आस्थापनांत त्याऐवजी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसक्यूएल वापरता येते. या अंतर्गत विदागाराचा विदास्रोताशी काही संबंध नाही. नवशिके अनेकदा या दोहोंत गल्लत करतात आणि आलेखासाठी लागणाऱ्या विदागाराचा पत्ता ग्राफानाच्या मुख्य संरचना फाइलीत लिहून ठेवतात.

संबंधात्मक विदागार जोडताना यजमानाचा पत्ता व पोर्ट, विदागाराचे नाव, वापरकर्ता, परवलीचा शब्द आणि सांकेतिकीकरणाची पद्धत एवढी माहिती द्यावी लागते. विदागाराशी संपर्क वापरकर्त्याचा ब्राउझर साधत नाही, ग्राफानाचा सर्व्हर साधतो. त्यामुळे पत्ता हा सर्व्हरच्या दृष्टीने योग्य असावा लागतो. ग्राफाना डॉकरसारख्या कंटेनरमध्ये चालत असेल आणि पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहिले असेल, तर तो शब्द यजमान यंत्राचा निर्देश करत नाही, त्या कंटेनरचाच करतो. आणि तेथे विदागार नसते. ‘जोडणी नाकारली’ हा संदेश मिळाल्यावर प्रथम तपासण्याची गोष्ट हीच होय.

=== अधिकारांची मर्यादा ===

ग्राफाना विदागाराकडे पाठवली जाणारी क्वेरी सुरक्षित आहे की नाही हे तपासत नाही. एखाद्या पॅनेलच्या क्वेरीत टेबल नष्ट करण्याची आज्ञा लिहिली आणि जोडणीसाठी दिलेल्या वापरकर्त्याला तो अधिकार असला, तर टेबल नष्ट होईल. केवळ पाहण्याचा अधिकार असलेली व्यक्ती पॅनेल संपादित करू शकत नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे असा समज चुकीचा आहे. मूळ मांडणीत एखाद्या संस्थेच्या खात्यातील कोणताही सदस्य त्या संस्थेच्या विदास्रोताकडे हवी ती क्वेरी पाठवू शकतो. पडद्यावर तशी सोय दिसत नसली तरी सर्व्हरच्या प्रोग्रामिंग आंतरपृष्ठातून ते शक्य असते.

यावरचा उपाय विदागारातच करावा लागतो. ग्राफानासाठी वेगळा वापरकर्ता निर्माण करून त्याला ठरावीक टेबलांवर फक्त ‘सिलेक्ट’ हा वाचनाचा अधिकार द्यावा, अशी शिफारस ग्राफानाच्या अधिकृत दस्तऐवजांतही आहे. जेथे मुख्य विदागाराची वाचनीय प्रतिकृती उपलब्ध असते, तेथे डॅशबोर्ड त्या प्रतिकृतीला जोडणे अधिक हितावह ठरते. त्यामुळे देखरेखीचा भार मूळ कामावर पडत नाही. मात्र प्रतिकृती मागे पडली, तर आलेखही तेवढाच मागे राहतो.

=== जोडण्यांचा संच ===

प्रत्येक क्वेरीसाठी नवी जोडणी उघडणे महाग असते, म्हणून ग्राफाना उघडलेल्या जोडण्यांचा संच राखते. एका वेळी जास्तीत जास्त किती जोडण्या उघडाव्यात, किती रिकाम्या ठेवाव्यात आणि एक जोडणी किती काळ जगू द्यावी, अशा तीन मर्यादा विदास्रोताच्या पानावर ठरवता येतात. जोडणीच्या आयुष्याची मूळ मर्यादा १४,४०० सेकंद, म्हणजे ४ तास आहे. मायएसक्यूएलमध्ये निष्क्रिय जोडणी तोडण्याची मुदत मुळात २८,८०० सेकंद असते. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा नेहमी लहान असावा लागतो. एखाद्या प्रशासकाने विदागाराच्या बाजूची मुदत कमी करून दहा मिनिटांवर आणली आणि ग्राफानातील मर्यादा तशीच ठेवली, तर विदागाराने केव्हाच तोडलेली जोडणी ग्राफाना जिवंत समजून वापरू पाहते. परिणामी पॅनेलवर अधूनमधून त्रुटी झळकते आणि पान पुन्हा उघडताच ती नाहीशी होते. अशा त्रुटीचे कारण शोधणे जिकिरीचे असते.

=== फाइलींद्वारे मांडणी ===

आवृत्ती ५.० पासून विदास्रोत व डॅशबोर्ड यामल स्वरूपातील फाइलींत लिहून ठेवण्याची सोय आहे. ग्राफाना सुरू होताना या फाइली वाचल्या जातात. एकच मांडणी अनेक यंत्रांवर नेणे, बदलांचा इतिहास राखणे आणि यंत्र बिघडल्यास काही मिनिटांत पूर्वस्थितीवर येणे त्यामुळे शक्य होते. परवलीचे शब्द मात्र फाइलीत उघडे न लिहिता परिसरचलांतून देणे योग्य. ग्राफाना ते स्वतःच्या विदागारात सांकेतिक रूपात ठेवते. पण त्यासाठी वापरली जाणारी गुप्त किल्ली संरचना फाइलीत आधीपासून दिलेली असते आणि ती सर्वांना ठाऊक आहे. प्रत्यक्ष वापरापूर्वी ही किल्ली बदलणे आवश्यक ठरते.

== वेळेचा स्तंभ ==

कालमालिका म्हणून आलेख काढायचा असेल, तर एसक्यूएल क्वेरीच्या उत्तरात ‘टाइम’ या नावाचा एक स्तंभ असावा लागतो. त्यात विदागाराचा तारीख-वेळ हा प्रकार किंवा १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद चालतात. उत्तर वेळेच्या क्रमाने लावलेले असावे लागते. अन्य अंकीय स्तंभांपासून आलेखाच्या रेषा बनतात आणि मजकुराचा स्तंभ असल्यास त्यावरून रेषांना नावे मिळतात.

डॅशबोर्डच्या माथ्यावर निवडलेला कालावधी, उदाहरणार्थ ‘मागील ६ तास’, हा क्वेरीत आपोआप शिरत नाही. क्वेरी लिहिणाऱ्याने तो मागवावा लागतो. त्यासाठी ग्राफाना काही मॅक्रो पुरवते. ‘टाइमफिल्टर’ हा मॅक्रो निवडलेल्या कालावधीची सुरुवात आणि शेवट यांच्यामधील ओळी निवडणारी अट तयार करतो. ‘टाइमग्रुप’ हा मॅक्रो वेळेच्या स्तंभाचे समान कालांतरांत गट पाडतो. वेळ सेकंदांच्या संख्येत साठवलेली असेल तर ‘युनिक्सइपॉकफिल्टर’ आणि ‘युनिक्सइपॉकग्रुप’ हे त्यांचे समकक्ष मॅक्रो वापरतात. अनेक आज्ञावली वेळ सेकंदांऐवजी मिलिसेकंदांत नोंदवतात. त्या स्तंभावर हा मॅक्रो लावला तर अट हजारपट मोठ्या संख्यांशी ताडली जाते, एकही ओळ जुळत नाही आणि कोणतीही त्रुटी न दाखवता पॅनेल रिकामे राहते.

टाइमफिल्टर न लावलेली क्वेरीही चालते आणि आलेखही बरोबर दिसतो, कारण कालावधीबाहेरचे बिंदू पडद्यावर उमटतच नाहीत. परंतु अशी क्वेरी प्रत्येक वेळी संपूर्ण टेबल वाचते. टेबल लहान असेपर्यंत ही चूक लपून राहते.

== कालांतर कसे ठरते ==

पॅनेलची रुंदी हजार पिक्सेल असेल, तर त्यावर लाखभर बिंदू काढण्यात अर्थ नसतो. म्हणून ग्राफाना निवडलेल्या कालावधीला बिंदूंच्या कमाल संख्येने भागते आणि येणारा भागाकार जवळच्या सोईस्कर अंकाला नेते. बिंदूंची कमाल संख्या वेगळी सांगितली नसेल, तर ती पॅनेलच्या पिक्सेलमधील रुंदीइतकी धरली जाते. हजार बिंदूंच्या पॅनेलवर मागील ६ तासांचा कालावधी निवडला, तर भागाकार २१.६ सेकंद येतो आणि कालांतर २० सेकंद ठरते. २४ तासांसाठी ८६.४ सेकंदांवरून १ मिनिट, ७ दिवसांसाठी सुमारे ६०५ सेकंदांवरून १० मिनिटे आणि ३० दिवसांसाठी २,५९२ सेकंदांवरून ३० मिनिटे असे अंक मिळतात. हे मूल्य क्वेरीत ‘इंटरव्हल’ या चलाद्वारे वापरता येते. इन्फ्लक्सडीबीच्या क्वेरीत ते गट पाडण्याच्या कलमात, तर एसक्यूएलमध्ये टाइमग्रुप मॅक्रोच्या दुसऱ्या जागी लिहिले जाते.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते, जी अनेक वाचकांना प्रथम विचित्र वाटते: तोच डॅशबोर्ड मोठ्या पडद्यावर आणि भ्रमणध्वनीवर वेगवेगळे आकडे दाखवू शकतो. रुंदी बदलली की कालांतर बदलते आणि कालांतर बदलले की प्रत्येक गटाची बेरीज किंवा सरासरीही बदलते.

=== किमान कालांतर ===

मोजमापे मिनिटाला एकदाच नोंदवली जात असतील आणि ग्राफानाने कालांतर २० सेकंद ठरवले, तर दर तीन गटांतील दोन गट रिकामे राहतात. टाइमग्रुप मॅक्रोमध्ये रिकाम्या गटांत शून्य भरण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर रेषा खऱ्या मूल्यावरून शून्यावर आणि पुन्हा वर अशी करवतीच्या दातांसारखी दिसू लागते. पाहणाऱ्याला वाटते की सेवा दर मिनिटाला बंद पडते आहे. रिकाम्या गटांत ‘काही नाही’ हे मूल्य भरल्यास रेषेऐवजी सुटे ठिपके दिसतात.

हे टाळण्यासाठी विदास्रोताच्या पानावर ‘किमान कालांतर’ हा रकाना असतो. मोजमापे ज्या वारंवारतेने लिहिली जातात, तेवढाच आकडा तेथे द्यावा. दर मिनिटाला नोंद होत असेल तर १ मिनिट. त्यानंतर कालावधी कितीही लहान निवडला तरी ग्राफाना त्याहून बारीक गट पाडत नाही. एकाच विदागारात काही मोजमापे दर दहा सेकंदांनी आणि काही दर पाच मिनिटांनी येत असतील, तर पॅनेलच्या क्वेरी पर्यायांत हे मूल्य स्वतंत्रपणे बदलता येते. रिकाम्या गटांत आधीचेच मूल्य पुढे ओढण्याचाही पर्याय आहे. तो तापमानासारख्या मंद बदलणाऱ्या राशींसाठी ठीक असला, तरी बंद पडलेला संवेदकही त्यामुळे व्यवस्थित चालू असल्यासारखा दिसतो.

=== प्रोमिथियस आणि दराचे कालांतर ===

प्रोमिथियस ही साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेली देखरेख प्रणाली ग्राफानाबरोबर मोठ्या प्रमाणात वापरली जाते. ती स्वतः लक्ष्य सेवांकडे जाऊन ठरावीक कालांतराने मोजमापे गोळा करते. तिच्यातील अनेक राशी सतत वाढत जाणारे गणक असतात. सेवेने आजवर किती विनंत्या हाताळल्या, हा असा एक गणक होय. त्यांचा दर काढण्यासाठी एका कालखिडकीत किमान दोन नमुने असावे लागतात. खिडकीत एकच नमुना सापडला तर दर निघत नाही आणि आलेख रिकामा राहतो.

सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या आवृत्ती ७.२ मध्ये यासाठी ‘रेट इंटरव्हल’ हे वेगळे चल देण्यात आले. गोळा करण्याच्या कालांतराची चौपट, अथवा सामान्य कालांतर अधिक गोळा करण्याचे कालांतर, यांपैकी जे मोठे असेल ते या चलाचे मूल्य असते. मोजमापे दर १५ सेकंदांनी गोळा होत असतील तर खिडकी कधीही १ मिनिटाहून लहान होत नाही आणि तीत साधारणतः चार नमुने मिळतात.

मात्र गोळा करण्याचे कालांतर ग्राफानाला आपोआप समजत नाही. विदास्रोताच्या पानावर ते सांगावे लागते. न सांगितल्यास १५ सेकंद धरले जातात. प्रोमिथियसमध्ये काहीच न लिहिल्यास गोळा करण्याचे कालांतर १ मिनिट असते. दोन्ही ठिकाणी मूळ मूल्ये तशीच ठेवली, तर ग्राफाना एका मिनिटाची खिडकी मागते आणि त्या खिडकीत बहुधा एकच नमुना सापडतो. अशा वेळी मागील ७ दिवसांचा आलेख नीट दिसतो, कारण तेथे सामान्य कालांतरच मोठे असते. पण बिघाडाच्या क्षणाकडे बारकाईने पाहण्यासाठी कालावधी लहान करताच रेषा नाहीशी होते. गरज सर्वाधिक असते नेमक्या त्या वेळी आलेख पाठ फिरवतो. विदास्रोताच्या पानावर १ मिनिट एवढेच लिहिल्याने हा दोष दूर होतो.

== गटातील मूल्य ==

कालांतर ठरल्यावर प्रत्येक गटातील अनेक मोजमापांचे एक मूल्य करावे लागते. सरासरी, कमाल, किमान, बेरीज व शतमत्तके हे त्याचे प्रचलित मार्ग आहेत. सरासरी सर्वाधिक वापरली जाते आणि सर्वाधिक फसवतेही. समजा, एखाद्या सर्व्हरचा प्रक्रियक नेहमी २० टक्के व्यग्र असतो आणि अर्ध्या तासातील एका मिनिटात तो १०० टक्क्यांवर जातो. एक मिनिटाच्या कालांतराने काढलेल्या आलेखात हे शिखर स्पष्ट दिसते. तीस दिवसांचा कालावधी निवडून कालांतर ३० मिनिटे झाले की त्याच गटाची सरासरी २२.७ टक्क्यांच्या आसपास येते आणि शिखर पुसले जाते. मागील महिन्यात सर्व्हर कधीच थकला नाही असा निष्कर्ष या आलेखावरून कुणी काढला, तर चूक आलेखाची नसून गट पाडण्याच्या रीतीची असते. क्षमतेचे नियोजन करताना सरासरीबरोबर कमाल मूल्याची रेषाही काढण्याचा प्रघात आहे.

बेरजेच्या बाबतीत उलट घडते. ‘प्रत्येक गटातील विनंत्यांची संख्या’ असा आलेख काढला, तर कालावधी वाढवताच गट मोठे होतात आणि आकडेही फुगतात. वाहतूक वाढलेली नसते. गटातील संख्येला कालांतराच्या सेकंदांनी भागून दर सेकंदाचा दर काढल्यास आकडे कालावधीवर अवलंबून राहत नाहीत. याकरिता कालांतर मिलिसेकंदांत देणारे चलही ग्राफाना पुरवते.

आलेखाच्या उजव्या टोकाला रेषा एकाएकी खाली कोसळलेली दिसणे हाही याच प्रकारचा भास होय. शेवटचा गट अद्याप भरत असतो. पाच मिनिटांच्या गटात एकच मिनिट सरले असेल, तर त्यातील बेरीज पाचव्या भागाइतकीच असते. डॅशबोर्डच्या मांडणीत ‘आत्ता’ हा क्षण थोडा मागे सरकवण्याची सोय आहे; तिने हा अर्धवट गट दृष्टीआड करता येतो.

== प्रमाणवेळ ==

संबंधात्मक विदागार जोडताना होणाऱ्या चुकांपैकी भारतातील वापरकर्त्यांना सर्वांत जास्त त्रास देणारी चूक प्रमाणवेळेची असते. भारतीय प्रमाणवेळ ही जागतिक समन्वित वेळेच्या म्हणजे यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. ग्राफाना आपला सर्व हिशेब यूटीसीमध्ये करते आणि आकडे पडद्यावर काढताना ब्राउझरच्या किंवा डॅशबोर्डसाठी निवडलेल्या प्रमाणवेळेत बदलते.

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये प्रमाणवेळेसह आणि प्रमाणवेळेविना असे वेळेचे दोन प्रकार आहेत. समजा, एखाद्या आज्ञावलीने प्रमाणवेळेविना असलेल्या स्तंभात भारतीय वेळ लिहिली. दुपारी ३ वाजता कुणी ‘मागील १ तास’ निवडला, तर त्या वेळी यूटीसीत ९ वाजून ३० मिनिटे झालेली असतात. ग्राफाना ८:३० ते ९:३० या वेळेच्या ओळी मागते. विदागारात त्या वेळेच्या ओळी असतात, पण त्या सकाळच्या साडेआठ ते साडेनऊच्या असतात. ग्राफाना त्यांना यूटीसी समजून पुन्हा साडेपाच तास मिळवते आणि दुपारी २ ते ३ या वेळेखाली काढते. आलेख भरलेला असतो, रेषा हलत असते, दर मिनिटाला नवा बिंदूही येतो. पण जे दिसते ते सकाळचे असते. दुपारी बंद पडलेली सेवा या पडद्यावर रात्रीपर्यंत सुरळीत चालू दिसेल.

यावर उत्तम उपाय म्हणजे वेळ प्रमाणवेळेसह असलेल्या स्तंभात साठवणे. जुने टेबल बदलणे शक्य नसेल, तर दृश्य तयार करून त्यात स्तंभाला ‘आशिया/कोलकाता’ ही प्रमाणवेळ जोडता येते. मात्र स्तंभावर अशी क्रिया केल्यास त्याच्या मूळ निर्देशांकाचा उपयोग होत नाही, म्हणून त्या पदावलीवर स्वतंत्र निर्देशांक बनवावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये ‘टाइमस्टॅम्प’ हा प्रकार यूटीसीत बदलून साठवला जातो, तर ‘डेटटाइम’ जसा दिला तसाच राहतो. दुसऱ्या प्रकारात भारतीय वेळ असेल तर विदास्रोताच्या पानावरील सत्राच्या प्रमाणवेळेच्या रकान्यात ‘+०५:३०’ असे लिहिल्याने मॅक्रो योग्य अर्थ लावतात. शहराचे नाव वापरायचे झाल्यास मायएसक्यूएलमध्ये प्रमाणवेळांची टेबले आधी भरलेली असावी लागतात. भारतात घड्याळे उन्हाळ्यात पुढे सरकवण्याची पद्धत नसल्याने नुसता फरक लिहिणे पुरेसे होते. युरोप-अमेरिकेतील विदागारांसाठी मात्र ते वर्षातील काही महिने चुकीचे ठरते.

=== दिवसाचा गट ===

साठवलेली वेळ अचूक असली तरी आणखी एक पेच उरतो. टाइमग्रुप मॅक्रो १९७० पासूनच्या सेकंदांना कालांतराने भागून गट पाडतो. म्हणून एका दिवसाचा गट यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे भारतात पहाटे साडेपाच वाजता सुरू होतो. रोजच्या विक्रीचा किंवा विनंत्यांचा स्तंभालेख काढला, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी आदल्या दिवसात मिळतात. लेखा विभागाचा अहवाल आणि डॅशबोर्ड यांचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा कारण अनेकदा हेच असते. भारताचा फरक अर्ध्या तासाचा असल्यामुळे एक तासाचे गटही भारतीय घड्याळात अर्ध्यावर सुरू होतात: ३:३०, ४:३०, ५:३० असे. पूर्ण तासांचा फरक असलेल्या देशांतील लोकांना ही अडचण दिवसाच्या गटापुरतीच जाणवते. नेपाळचा फरक ५ तास ४५ मिनिटे असल्याने तेथे गटांच्या सीमा पाऊण तासावर येतात.

याचे निवारण क्वेरीतच करावे लागते. गट पाडण्यापूर्वी वेळेत १९,८०० सेकंद मिळवून गट पाडल्यावर तेवढेच वजा करणे ही कोणत्याही विदागारात चालणारी रीत आहे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये प्रमाणवेळ देऊन दिवसाच्या सुरुवातीपर्यंत वेळ छाटणारे फलन वापरता येते. इन्फ्लक्सडीबीच्या इन्फ्लक्सक्यूएल या भाषेत क्वेरीच्या शेवटी प्रमाणवेळेचे कलम जोडता येते. डॅशबोर्डच्या मांडणीत प्रमाणवेळ बदलल्याने केवळ अक्षावरील अक्षरे बदलतात. एसक्यूएल विदागारात पडलेले गट त्याने हलत नाहीत.

== ताजेपणा आणि भार ==

डॅशबोर्ड किती वेळाने आपोआप ताजा व्हावा हे वेगळे ठरवता येते. त्याचा गटांच्या कालांतराशी थेट संबंध नाही, तरी दोहोंत विसंगती असू नये. मोजमापे दर मिनिटाला येत असतील तर पान दर ५ सेकंदांनी ताजे केल्याने नवे काही दिसत नाही, पण विदागाराला तेच उत्तर बारा वेळा द्यावे लागते. बारा पॅनेलांचा डॅशबोर्ड वीस जणांनी उघडला आणि तो दर ५ सेकंदांनी ताजा होत असेल, तर विदागाराकडे सेकंदाला सरासरी ४८ क्वेरी जातात. देखरेखीनेच देखरेखीखालील विदागार दमवावे, असा प्रकार त्यातून घडतो. प्रशासकाला संरचना फाइलीत ताजेपणाची किमान मर्यादा घालता येते. मुळात ती ५ सेकंद आहे.

मोठ्या टेबलांवर वेळेच्या स्तंभाचा निर्देशांक अपरिहार्य ठरतो. टाइमफिल्टर मॅक्रो स्तंभाला कोणत्याही फलनात न गुंडाळता त्याची थेट तुलना करतो, म्हणून निर्देशांक उपयोगी पडतो. पोस्टग्रेसक्यूएलसोबत टाइमस्केलडीबी हा विस्तार बसवलेला असेल, तर विदास्रोताच्या पानावर तशी खूण केल्यास टाइमग्रुप मॅक्रो त्या विस्ताराचे गट पाडणारे फलन वापरतो. महिने किंवा वर्षांचे आलेख वारंवार पाहिले जात असतील, तर तासाचे वा दिवसाचे गोषवारे वेगळ्या टेबलात आधीच तयार करून लांब पल्ल्याचे पॅनेल त्यांवर बेतणे सोईचे पडते. आरआरडीटूल जे आपोआप करीत असे, ते येथे हाताने करावे लागते.

== इशारे ==

ग्राफाना एखाद्या क्वेरीचे उत्तर ठरावीक कालांतराने तपासून मर्यादा ओलांडल्यास इशारा पाठवू शकते. इशाऱ्याचा नियम सर्व्हरवर चालतो. त्या वेळी कुणी पान उघडलेले नसते, त्यामुळे डॅशबोर्डच्या माथ्यावर निवडलेला कालावधी त्याला लागू होत नाही. नियमाला स्वतःचा कालावधी द्यावा लागतो. डॅशबोर्डची निवडचले वापरलेली क्वेरीही इशाऱ्यात चालत नाही. तपासणीचे कालांतर मोजमापांच्या कालांतराहून लहान ठेवण्यात लाभ नाही. तपासणीचा कालावधी मात्र त्याहून पुरेसा मोठा असावा. अन्यथा एखादे मोजमाप काही सेकंद उशिरा आले तरी नियमाला विदा सापडत नाही.

विदा न सापडल्यास काय करावे हेही प्रत्येक नियमात सांगावे लागते: वेगळा इशारा द्यावा, सर्व ठीक समजावे किंवा मागील स्थिती कायम ठेवावी. ‘सर्व ठीक’ हा पर्याय रात्रीच्या निरर्थक संदेशांपासून सुटका करतो, म्हणून तो पुष्कळदा निवडला जातो. मोजमापे पाठवणारे यंत्रच बंद पडल्यावरही हा नियम गप्प राहतो.